जुन्या पिकअपमधील विजेची परतवाट

शहरांतील स्वयंपाकघरांत सकाळीं मेथीची जुडी निवडतांना तिनें आदली रात्र कोठें काढली असेल, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाहीं. ती रात्र तिनें बहुधा एखाद्या जुन्या पिकअपच्या हौद्यांत काढलेली असते. पुढें दोघां-तिघांपुरती बैठक, मागें उघडा हौदा आणि त्यांत टन-दीड टन माल, अशी ही छोटी मालमोटार. १९२५ सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें आपल्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतूनच असा हौदा जोडून ती बाजारांत आणली. आज शेत आणि बाजारपेठ यांमधील वाटेवर या जातीच्या गाड्या जगभर धांवत आहेत. हिचें इंजिन दणकट असतें, सांगाडाही दणकट असतो. पंधरा-वीस वर्षें ती सहज काम देते. परंतु उतारवयांत तिला एक दुखणें हटकून जडतें, आणि तें म्हणजे विजेचें. दिवे मंदावतात, हॉर्न घोगरा होतो, बॅटरी एका रात्रींत उतरते, 'सेल्फ' नुसता खटकन् आवाज करून गप्प बसतो. या दुखण्यांत पैसा पुष्कळ जातो आणि तरीही रोग पुष्कळदां होता तेथेंच राहतो. असें कां होतें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

उदाहरणादाखल एक गाडी डोळ्यांपुढें आणावी. ती जुन्नर तालुक्यांत ओतूरच्या बाजूस राहणाऱ्या एका वाहतूकदाराची आहे. सतरा वर्षांची, डिझेलवर चालणारी. संध्याकाळीं शेताशेतांवरून भाजी भरावयाची आणि रात्रीं माळशेज घाट उतरून, मुरबाडवरून, पहांटेपूर्वीं कल्याणच्या बाजारांत पोहोंचवावयाची, हा तिचा नित्यक्रम. घरांतील पांच माणसांचा निर्वाह या एका गाडीवर. पावसाळ्याच्या आरंभीं एके रात्रीं घाटांत तिचे पुढचे दिवे पिवळसर पडूं लागले. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, भोंवतीं पावसाळी धुकें, आणि समोरचे दहा हातही नीट दिसेनात. गाडी कशीबशी खालीं आली. कल्याणला इंजिन बंद केलें तें पुन्हां सुरू होईना. चौघां हमालांनीं गाडी ढकलली तेव्हां कोठें तें चालू झालें.

पुढें जें घडलें तें नेहमींप्रमाणेंच घडलें. प्रथम बॅटरीवर खापर फुटलें आणि नवी बॅटरी आली. पंधरा दिवस गाडी बरी चालली. सोळाव्या दिवशीं पहिले पाढे पंचावन्न. मग सेल्फ काढून त्याची दुरुस्ती झाली. त्यानेंही फरक पडेना, तेव्हां डायनमो बदलला. शिकलेलीं माणसें ज्याला अल्टरनेटर म्हणतात, त्याला गॅरेजांत अजून डायनमोच म्हणतात. तीन खर्च झाले, भाजीच्या चार खेपा बुडाल्या, आणि मुलीच्या महाविद्यालयाच्या फीसाठीं बाजूला ठेवलेली रक्कम त्यांत गेली. रोग मात्र हलला नाहीं. यांत कोणीं लबाडी केली होती असें नव्हे. प्रत्येकानें समोर दिसणाऱ्या लक्षणास अनुरूप असा भाग बदलला. चूक होती ती विचाराच्या क्रमांत.

ही चूक समजण्यासाठीं मोटारींतील विजेची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. पूर्वीं मोटारीचें इंजिन पुढें दांडा घालून हातानें फिरवावें लागे, आणि इंजिनानें उलट झटका दिला कीं फिरविणाराचें मनगट मोडे. १९११ सालीं चार्लस केटरिंग या अमेरिकन संशोधकानें विजेवर चालणारा सुरुवातीचा यंत्रभाग सिद्ध केला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविण्यांत आला. आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतों तो हाच. त्याला वीज पुरविते ती शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची बॅटरी. हिचा मूळ शोध गास्टों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लावला. गाडींतील बॅटरींत असे सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाब देतो. पूर्ण भरलेली बॅटरी कांहीं तास विसांवल्यावर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविले तर ती सुमारें निम्मी उतरली असें समजावें. इंजिन चालू असतांना डायनमो सुमारें १४ व्होल्ट दाबानें वीज उत्पन्न करतो, गाडीचे दिवे पोसतो आणि बॅटरींतून गेलेली वीज तिला परत देतो.

आतां मुख्य गोष्ट. वीज पाण्याप्रमाणें एका टोंकानें जाऊन दुसऱ्या टोंकास सांडून जात नाहीं. ती फेरी घालते. बॅटरीच्या धन टोंकापासून निघून, दिव्यांतून किंवा सेल्फमधून जाऊन, ती ऋण टोंकास परत आलीच पाहिजे. परतीची वाट तुटली कीं जाण्याची वाटही व्यर्थ. घरांतील दिव्याला दोन तारा येतात हें सर्वांनीं पाहिलें आहे. मोटारीच्या दिव्याकडे मात्र पुष्कळदां एकच तार गेलेली दिसते. मग दुसरी कोठें असते? दुसरी तार म्हणजे गाडीचें लोखंडी शरीरच. दिवा त्या लोखंडाला जोडलेला, बॅटरीचें ऋण टोंकही त्याच लोखंडाला जोडलेलें. वीज त्या लोखंडांतून परत येते. कारागीर याला 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' म्हणतात. जमिनीशीं याचा कांहींएक संबंध नाहीं. नांव तेवढें रूढ झालें आहे.

यांत एक अडचण असते. इंजिन सांगाड्यावर थेट ठेवलेलें नसतें. त्याची थरथर बैठकीपर्यंत पोहोंचूं नये म्हणून तें रबराच्या माउंटिंगवर बसवितात. रबरांतून वीज जात नाहीं. सेल्फ आणि डायनमो हे दोन्हीही इंजिनालाच जखडलेले असल्यामुळें त्यांची वीज सांगाड्याकडे परत जावी कशी? याकरितां इंजिन आणि सांगाडा यांमध्यें तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी लावलेली असते. वीतभर-हातभर लांबीची ही पट्टी गाडीच्या खालच्या अंगास, चिखल, पाणी आणि तेल यांत वर्षानुवर्षें लोंबत असते. तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. तिचे धागे एकेक करून तुटतात, टोंकांस हिरवट कळा येते, बोल्टखालचें लोखंड गंजतें. आणि तरी ती दुरून पाहणारास शाबूत दिसते.

येथें एक शंका येईल. पट्टी खराब झाली असली तर दिवा अगदींच लागूं नये. मग तो लागतो कसा? याचें उत्तर गणितांत आहे, आणि तें गणित शाळेंतील मुलालाही सुटेल इतकें सोपें आहे. गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, वाटेंत जितका दाब खर्च होतो तो प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. समजा, गंजलेल्या सांध्याचा रोध अवघा एका ओहमचा शंभरावा भाग आहे. पांच वॅटच्या लहान दिव्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. त्याचा त्या सांध्यांत व्होल्टाचा अडीचशेंवा भागही कष्टानेंच खर्च होईल. दिवा झकास लागेल. परंतु डिझेल गाडीच्या सेल्फला दोनशें अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. त्याच सांध्यांत आतां दोन व्होल्ट नाहींसे होतात, आणि ते उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतात. ही उष्णता चारशें वॅटची, म्हणजे घरांतील इस्त्रीच्या सुमारें निम्मी होते. बॅटरीवर आधींच सेल्फची ओढ असते, त्यांत हे दोन व्होल्ट वाटेंतच गेले. मग बिचाऱ्या सेल्फनें जड इंजिन फिरवावें कशाच्या बळावर?

सारांश, जो सांधा दिव्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण होतो तोच सेल्फच्या परीक्षेंत नापास होतो. म्हणून गाडी उभी असतां, सर्व कांहीं बंद ठेवून घेतलेली परीक्षा निरुपयोगी होय. वाट तपासावयाची ती तिच्यावरून भार जात असतांनाच तपासली पाहिजे.

ओतूरच्या त्या गाडीची अशी परीक्षा शेवटीं कल्याणच्या बाजाराबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध वायरमननें घेतली. त्यानें एकही भाग उघडला नाहीं. गिअर मोकळा ठेवून, हातब्रेक ओढून त्यानें मालकाला दोन-तीनदां सेल्फ मारावयास सांगितलें, आणि मग बॉनेटखालीं हात घालून अॅक्सिलरेटरच्या तारेला बोट लावलें.

"दादा, या तारेला जरा हात लावून पाहा," तो म्हणाला.

"अहो मिस्त्री, ही तर भाजते!"

"ही पायाखालच्या पेडलची तार. हिचा विजेशीं संबंध काय? मग ही तापली कां?"

मालकाला उत्तर सुचेना. तेव्हां वायरमन म्हणाला, "वीज गेली कोठें हें सगळेच पाहतात, दादा. ती परत कशानें आली, हें कोणी पाहत नाहीं."

खरा प्रकार असा होता. तांब्याची पट्टी निकामी झाल्यामुळें सेल्फच्या प्रवाहानें परतीची दुसरी वाट शोधली होती. अॅक्सिलरेटरची पोलादी तार एका टोंकास इंजिनाला आणि दुसऱ्या टोंकास गाडीच्या शरीराला टेकते. प्रवाह तिच्यातून परत जाऊं लागला. एवढा प्रवाह वाहण्यासाठीं ती बनविलेली नसल्यामुळें ती तापली. अशी तार कालांतरानें आंत चिकटून बसते, आणि पेडल दाबलेलें तसेंच राहण्याचा धोका उत्पन्न होतो. घाटांत असें झालें तर काय ओढवेल, तें सांगावयास नको.

वायरमननें मल्टिमीटर काढला. त्याची एक सळई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवून सेल्फ मारविला. परतवाट निरोगी असती तर कांटा अर्ध्या व्होल्टाच्या आंत राहिला असता. तो दोन व्होल्टांच्या पलीकडे गेला. मग इंजिन चालू ठेवून त्यानें डायनमोपाशीं दाब मोजला, तो १४ व्होल्टांवर होता. बॅटरीच्या खांबांवर मोजला, तो जेमतेम १३. म्हणजे डायनमो आपलें काम चोख करीत होता; त्यानें दिलेलें बॅटरीला पोहोंचत नव्हतें. रस्त्याच्या धक्क्यांनीं सांधा अधिकच ढिला होई. दिव्यांची भूक डायनमोऐवजीं बॅटरीवर पडे, बॅटरी उतरे आणि दिवे पिवळे पडत. साध्या तारेच्या दिव्याचा दाब एक-दशांशानें घटला कीं प्रकाश सुमारें तीन-दशांशानें घटतो. डिझेल इंजिनांत इंधन दाबाच्या उष्णतेनेंच पेटतें, ठिणगीची गरज नसते. त्यामुळें जुनें इंजिन मात्र बिनतक्रार चालत राहून सारा दोष झांकून ठेवी. नवी बॅटरी आली ती आपल्या गांठोड्यांतील शिदोरीवर पंधरा दिवस जगली, इतकेंच.

पट्टी काढली, बोल्टखालचें लोखंड काचकागदानें पांढरें होईपर्यंत घासलें, नवी जाड पट्टी आवळून बसविली आणि वरून ग्रीस लावलें. पुन्हां सेल्फ मारला. कांटा पाव व्होल्टापर्यंतही चढला नाहीं, आणि इंजिन एका फटक्यांत सुरू झालें. खर्च झाला तो आधींच्या तीन खर्चांपुढें नगण्य होता.

परतवाटेचा हा दोष मागच्या दिव्यांतही आढळतो, आणि तेथें तो मोठा गमतीदार वेष घेतो. ब्रेक दाबला कीं वळणाचा दिवा मिणमिणतो, वळणाचा दिवा लावला कीं मागचा तांबडा दिवा लुकलुकतो. अनोळखी माणसास वाटावें कीं सगळ्या तारा एकमेकींत गुंतल्या. वस्तुतः दिव्याच्या घराचा अर्थ सुटलेला असतो, आणि वीज शेजारच्या दिव्याच्या तारेंतून उलटी शिरून परतीची वाट काढीत असते. मागून येणाऱ्या गाडीला मात्र हा गोंधळ जीवघेणा ठरूं शकतो. कारण पुढची गाडी थांबते आहे कीं वळते आहे, हें त्या बापड्याला कळणार कसें?

दुसरें दुखणें रात्रींत उतरणाऱ्या बॅटरीचें. परतवाट चांगली, डायनमो चांगला, तरीही सकाळीं गाडी मृतवत्. अशा वेळीं गाडी बंद असतांही कोणीतरी चोरून वीज पीत असतो. हौद्यांतील दिवा, चिकटून राहिलेला रिले, मागाहून बसविलेला टेपरेकॉर्डर, उंदरानें कुरतडलेली तार, यांपैकीं कोणीही. बंद गाडीचा खर्च सामान्यतः पन्नास मिलिअँपिअरच्या आंत असावा. त्यांतून दिवसाकाठीं सव्वा अँपिअर-तासांहून कमी वीज जाते. परंतु पांच वॅटचा एकच दिवा विसरून लागलेला राहिला तर दिवसाकाठीं दहा अँपिअर-तास जातात, आणि सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत निम्मी होते. चोर शोधण्याची रीत सोपी आहे. चावी काढून, दारें लावून, बॅटरीचें ऋण टोंक सोडवून त्यामध्यें अँपिअर मोजणारा मल्टिमीटर जोडावा आणि एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आंकडा खालीं येईल, चोर त्याच्याच वाटेवर आहे. मीटर असा जोडलेला असतांना सेल्फ मात्र चुकूनही मारूं नये.

फ्यूजविषयीं दोन शब्द अधिक आवश्यक आहेत, कारण येथें प्रश्न खर्चाचा नसून प्राणांचा आहे. फ्यूज वारंवार जळूं लागला कीं घाईंतला माणूस त्या जागीं मोठा फ्यूज बसवितो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांब्याची तार गुंडाळतो. गाडी चालू लागते आणि तो समाधान पावतो. परंतु फ्यूज हा त्या वाटेवरील सर्वांत अशक्त दुवा मुद्दाम ठेवलेला असतो. संकट आलें तर त्यानें प्रथम जळावें आणि तार वांचवावी, हेंच त्याचें काम. त्याला बळकट केलें कीं जळण्याची पाळी तारेवर येते, आणि तार जळते ती बैठकीच्या खालून किंवा डिझेलच्या नळीजवळून. हल्लींच्या चपट्या फ्यूजांना रंग ठरलेले आहेत. दहा अँपिअरचा तांबडा, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. निळ्याच्या जागीं निळाच घालावा. तो पुन्हां जळला तर कोठेंतरी तारेचें आवरण फाटून ती लोखंडाला टेकली आहे असें समजावें, आणि ती जागा सांपडेपर्यंत त्या वाटेची वीज बंद ठेवावी.

आतां परीक्षेचा क्रम थोडक्यांत सांगावयाचा तर असा. पहिल्यानें बॅटरीचे खांब पाहावे. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून ती धुवावी आणि खांब घासून आवळावे. दुसऱ्यानें विसांवलेल्या बॅटरीचा दाब मोजावा. तिसऱ्यानें इंजिन चालू करून, दिवे लावून, बॅटरीच्या खांबांवरच डायनमोचा दाब मोजावा. चौथ्यानें सेल्फ मारतांना जाण्याची वाट आणि परतवाट अशा दोन्ही वाटांवरील खर्च मोजावा. एवढें झाल्यावर, आणि त्यांतून दोष सिद्ध झाल्यावरच, एखादा भाग बदलण्याची गोष्ट काढावी. काम करतांना बॅटरीचें ऋण टोंक सर्वांत आधीं सोडवावें आणि सर्वांत शेवटीं जोडावें. म्हणजे धन टोंकावरचा पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडणार नाहीं. बॅटरी भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ काडी किंवा विडी पेटवूं नये. आणि इंजिन चालू असतांना बॅटरी कधींही सोडवूं नये; तेवढ्यानें दाब एकाएकीं उसळून डायनमोचा नाजूक भाग जळतो.

या सर्वांत अवघड असें कांहींच नाहीं. मल्टिमीटर सर्वत्र मिळतो आणि त्याची किंमत एका बॅटरीपुढें कांहींच नसते. अवघड आहे तो धीर. गाडी बंद पडलेली, भाजी कोमेजत असलेली, बाजाराची वेळ टळत असलेली, अशा स्थितींत कांहींतरी तातडीनें करून दाखविण्याचा मोह मालकालाही होतो आणि कारागिरालाही. नवा भाग डोळ्यांना दिसतो, त्याची पावती मिळते, काम झाल्यासारखें वाटतें. दहा मिनिटें मीटर धरून उभे राहण्याची पावती कोणी देत नाहीं. म्हणूनच जो कारागीर भाग विकण्याआधीं मोजून पाहतो, त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. ती मजुरी त्याच्या हातांची नसून त्यानें वांचविलेल्या खर्चाची आहे.

ओतूरची ती गाडी त्याच रात्रीं पुन्हां भाजी घेऊन निघाली. घाटाच्या माथ्यावर धुकें होतेंच, पाऊसही होता. दिव्यांचा पांढरा झोत रस्त्याच्या कडेच्या दगडांवर स्वच्छ पडत होता, आणि मालकानें कित्येक दिवसांनंतर प्रथमच समोरच्या वळणावर वेग आपणहून कमी केला, भीतीनें नव्हे, तर वळण वेळेवर दिसलें म्हणून.